‘निद्रिस्त’ ग्रंथी की रोडावलेली ग्रंथी? : दीर्घकालीन स्टेरॉईड-चिकित्सेच्या उतरणीविषयी

दीर्घकाळ स्टेरॉईड औषधे घेणाऱ्या रुग्णाने ती एकाएकी सोडू नयेत, क्रमाक्रमाने कमी करावीत, हा नियम आता वैद्यकाच्या पाठ्यग्रंथांतून घरोघरी पोहोचला आहे. नियमाचे कारण विचारले असता मात्र मराठीत बहुधा एकच उत्तर मिळते : ‘औषधामुळे शरीरातील ग्रंथी झोपी जाते, तिला जागी व्हावयास वेळ द्यावा लागतो.’ उत्तर सुटसुटीत आहे, रुग्णाला पटण्याजोगे आहे, आणि ते देणाऱ्याचा हेतूही चांगलाच असतो. परंतु हे रूपक जेथे अचूक असावयास हवे, नेमके तेथेच ते फसवे ठरते. झोपलेला मनुष्य हाक मारली की उठतो. या ग्रंथीचे तसे नाही. ती झोपलेली नसून रोडावलेली असते. रोडावलेल्या अवयवाला हाक पुरत नाही, पोषण लागते. आणि पोषणाने पूर्ववत होण्यास आठवडे नव्हे, पुष्कळदा महिने लागतात.

प्रस्तुत लेखकाचा विषय भाषाशास्त्र आहे, वैद्यक नव्हे. तेव्हा कोणास औषधयोजनेबाबत सल्ला देण्याचा येथे अधिकारही नाही व हेतूही नाही. या शरीरव्यापाराविषयी जे निश्चितपणे ज्ञात आहे ते समजून घ्यावे, आणि ते सांगताना आपण जे शब्द योजतो ते त्यास कितपत न्याय देतात हे पाहावे, एवढीच या लेखाची मर्यादा.

‘वृक्क’ हा मूत्रपिंडाचा जुना संस्कृत पर्याय; त्यावर टोपीसारखी बसलेली म्हणून ही ‘अधिवृक्क’ ग्रंथी. दोन्ही मूत्रपिंडांवर एकेक, आणि वजन प्रत्येकी अवघे चार-पाच ग्रॅम. वस्तुतः एका वेष्टनात नांदणारी ही दोन भिन्न इंद्रिये आहेत. आतला भाग, म्हणजे मध्यक, अ‍ॅड्रेनॅलीन निर्माण करतो. त्याच्याशी आपणांस येथे कर्तव्य नाही. बाहेरच्या भागास ‘बाह्यक’ म्हणतात व त्यात तीन थर असतात. सर्वांत बाहेरचा पातळ थर अल्डोस्टेरोन हे लवणाचे व पाण्याचे नियमन करणारे संप्रेरक स्रवतो. सर्वांत आतला थर दुर्बळ अशी पौरुषजनक संप्रेरके स्रवतो. आणि या दोहोंमधला, सर्वांत रुंद थर कॉर्टिसॉल निर्माण करतो. रक्तातील शर्करा, रक्तदाब, दाहाचे नियंत्रण आणि एकंदर संकटकाळी टिकून राहण्याची शक्ती ही सारी या कॉर्टिसॉलवर अवलंबून आहेत. निरोगी प्रौढ शरीर दिवसाकाठी सुमारे १० मिलिग्रॅम कॉर्टिसॉल बनविते. औषधाच्या भाषेत सांगावयाचे तर शरीराची एका दिवसाची ही गरज साधारणतः ४ ते ६ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनने भागते. हा आकडा वाचकांनी ध्यानी ठेवावा. पुढील बहुतेक विवेचन त्याभोवतीच फिरणार आहे.

हा मधला थर स्वतंत्र नाही. मेंदूच्या तळाशी असलेला अधोथॅलॅमस एक संप्रेरक पाठवितो. त्या आज्ञेने पोष ग्रंथी दुसरे संप्रेरक रक्तात सोडते. आणि त्याच्या प्रभावाने अधिवृक्क बाह्यक कॉर्टिसॉल स्रवतो. कॉर्टिसॉलची पातळी वाढली की तेच कॉर्टिसॉल वर जाऊन पहिल्या दोघांस आवर घालते. ही साखळी घड्याळाप्रमाणे चालते : पहाटे पातळी वाढू लागते, सकाळी जाग येण्याच्या सुमारास ती सर्वाधिक असते, आणि मध्यरात्रीच्या सुमारास नीचांकास जाते. बाहेरून गोळीवाटे दिलेले प्रेडनिसोलोन आणि ग्रंथीतून आलेले कॉर्टिसॉल यांच्या उगमातला भेद वरच्या दोन केंद्रांस कळत नाही. रक्तात पुरेसे द्रव्य आहे एवढेच त्यांना समजते, आणि त्यांची आज्ञा थांबते.

येथवर झोपेचे रूपक चालू शकते. यापुढे ते चालत नाही. याचे कारण पोष ग्रंथीच्या त्या संप्रेरकाच्या नावातच दडलेले आहे. इंग्रजी ग्रंथांत या नावाची दोन रूपे आढळतात, एक ‘कॉर्टिकोट्रोफिन’ आणि दुसरे ‘कॉर्टिकोट्रोपिन’. हा केवळ लेखनभेद आहे असे वाटेल. पण दोहोंचे ग्रीक मूळ वेगळे आहे. ‘ट्रोपोस’ म्हणजे वळण, दिशा; ‘ट्रोफे’ म्हणजे पोषण. दुसऱ्या रूपानुसार हे संप्रेरक बाह्यकास कामाकडे वळविणारे ठरते, पहिल्यानुसार त्यास पोसणारे. आज ‘प’कारी रूप अधिक रूढ झाले असले तरी शरीरव्यापाराच्या दृष्टीने दोन्ही अर्थ खरे आहेत : हे संप्रेरक काही मिनिटांत कॉर्टिसॉलचा स्राव वाढविते, आणि दिवसेंदिवस, महिनोन्महिने बाह्यकाच्या पेशी जिवंत व भरलेल्या ठेविते. आज्ञा थांबली म्हणजे केवळ काम थांबत नाही, अन्नही थांबते. अवयव क्षीण होण्यास इंग्रजीत जो शब्द आहे, ‘अ‍ॅट्रोफी’, तोही याच ‘ट्रोफे’चा नकारार्थी सोयरा : पोषणाचा अभाव. आपल्या परिभाषाकारांनी ‘पोष ग्रंथी’ हे नाव घडविताना पोषणाचा अर्थ राखला, ही त्यांची सूक्ष्म दृष्टी म्हणावयास हवी. शालेय पुस्तकांतील ‘पियुषिका’ हे नाव कानाला गोड आहे, पण हा अर्थ त्यात उरत नाही.

‘अ‍ॅट्रोफी’ला ‘अपोषण’ किंवा ‘शोष’ असे पर्याय मिळतात, परंतु या ठिकाणी मला साधे मराठी ‘रोडावणे’ हेच क्रियापद अधिक योग्य वाटते. प्लास्टर काढल्यावर हात बारीक झालेला दिसतो; तो झोपलेला असतो असे आपण म्हणत नाही. त्यात बळ भरावयास किती दिवस लागतील हे प्लास्टर किती दिवस होते यावर अवलंबून असते, हेही आपण जाणतो.

ही गोष्ट केवळ व्युत्पत्तीच्या बळावर सांगितलेली नाही. अमेरिकन शास्त्रज्ञ फिलिप स्मिथ यांनी १९३० साली उंदरांतील पोष ग्रंथी काढून टाकली असता त्यांच्या अधिवृक्कांचे बाह्यक क्षीण झाल्याचे, आणि त्याच ग्रंथीचे ऊतक पुन्हा दिल्यावर ते सुधारल्याचे दाखविले. पुढे १९३७ साली डवाइट इंगल व एडवर्ड केंडल यांनी पोष ग्रंथीस हातही न लावता, केवळ बाह्यकाचा अर्क मोठ्या प्रमाणात देऊन, उंदरांच्या स्वतःच्या बाह्यकाचा तसाच क्षय घडवून आणला. म्हणजे द्रव्य बाहेरून मिळू लागले की ते बनविणारा कारखाना मोडकळीस येतो, हे त्याच वेळी सिद्ध झाले होते.

यानंतरचा इतिहास विचार करावयास लावणारा आहे. ज्यांनी ही सूचना नोंदविली त्याच केंडल यांच्या प्रयोगशाळेतून कॉर्टिझोन बाहेर आले. मिनेसोटातील रॉचेस्टर येथील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी सप्टेंबर १९४८ मध्ये ते प्रथम एका संधिवाताच्या रुग्णास दिले; अंथरुणाला खिळलेले रुग्ण चालू लागले, आणि १९५० चे नोबेल पारितोषिक केंडल, हेंच व स्वित्झर्लंडचे राइखश्टाइन यांना विभागून मिळाले. त्या जयजयकारात उंदरांच्या रोडावलेल्या ग्रंथी मागे पडल्या. १९५२ साली अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात एक वृत्तांत प्रसिद्ध झाला. संधिवातासाठी काही महिने कॉर्टिझोन घेतलेल्या एका तरुण वयाच्या रुग्णावर सांध्याची शस्त्रक्रिया झाली. शस्त्रक्रियेनंतर त्याचा रक्तदाब कोसळला, तो कोणत्याही उपायाने सावरला नाही, आणि रुग्ण दगावला. शवपरीक्षेत दोन्ही अधिवृक्क ग्रंथी क्षीण झालेल्या आढळल्या. शस्त्रक्रियेसारख्या प्रसंगी निरोगी शरीर कॉर्टिसॉलचे उत्पादन नेहमीच्या कित्येक पट वाढविते. त्या रुग्णाच्या ग्रंथींना शरीराने हाक दिली नसेल असे नाही. उत्तर देण्याजोगे त्यांच्यात काही उरले नव्हते.

रोडावलेली ग्रंथी पूर्ववत कशी होते याचे अभिजात निरीक्षण नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातील ग्रेबर, लिडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली प्रसिद्ध केले. दीर्घकाळ स्टेरॉईड घेऊन ते सोडलेले, आणि अतिरिक्त कॉर्टिसॉल स्रवणारी गाठ काढून टाकलेले, असे दोन्ही प्रकारचे रुग्ण त्यांनी महिनोन्महिने तपासले. पहिल्या महिन्यात पोष ग्रंथीचे संप्रेरक आणि कॉर्टिसॉल दोन्ही कमी होते. दुसऱ्या ते पाचव्या महिन्यांच्या दरम्यान पोष ग्रंथीचे संप्रेरक नेहमीच्या पातळीवर, किंबहुना तिच्याही वर चढले. कॉर्टिसॉल मात्र कमीच राहिले. सकाळचे कॉर्टिसॉल सहाव्या ते नवव्या महिन्यांत पूर्वपदावर आले, आणि सर्व कसोट्यांस ग्रंथी उतरावयास नऊ महिन्यांहून अधिक काळ लागला.

या निरीक्षणातील दुसरी अवस्था सर्वांत बोलकी आहे. तीत आज्ञा देणारा पूर्ण जागा आहे, नेहमीपेक्षा मोठ्याने हाका मारीत आहे, आणि तरीही काम होत नाही. निद्रेचे रूपक खरे असते तर ही अवस्था संभवलीच नसती. वरच्या केंद्रांपुरते ‘जागे होणे’ हे वर्णन फार तर क्षम्य मानता येईल. खालच्या ग्रंथीला मात्र वाढावेच लागते. अर्थात हे महिने म्हणजे पंचांग नव्हे. कोणाची ग्रंथी काही आठवड्यांत सावरते, कोणाची वर्ष उलटले तरी नाही, आणि थोड्या रुग्णांत ती कधीच पूर्ववत होत नाही. सोडलेल्या मात्रेवरून किंवा घेतलेल्या कालावधीवरून व्यक्तिशः नेमके भाकीत करता येत नाही, असाच आजवरचा अनुभव आहे.

कालावधीचे महत्त्व मात्र मात्रेहून वेगळे लक्षात घ्यावयास हवे. जून २०२० मध्ये ऑक्सफर्डच्या चाचणीचे निष्कर्ष जाहीर झाल्यानंतर करोनाच्या गंभीर रुग्णांना डेक्सामेथासोन रोज ६ मिलिग्रॅम देण्यात येऊ लागले. ही मात्रा सुमारे ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनइतकी, म्हणजे लहान नव्हे. पण ती दहा दिवसांपुरती होती. तीन-चार आठवड्यांच्या आतील उपचार सहसा क्रमशः उतरविण्याची गरज नसते, असे युरोपीय व अमेरिकन अंतःस्रावशास्त्र संस्थांनी २०२४ साली संयुक्तपणे प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत म्हटले आहे. उलट रोज ७-८ मिलिग्रॅमची ‘लहान’ गोळी वर्षानुवर्षे घेणारा रुग्ण स्वतःस सुरक्षित समजतो, तो गैरसमज होय.

आता उतरणीच्या आकाराकडे वळू. इंग्रजीत या क्रियेस जो शब्द आहे, ‘टेपर’, तो मुळात मेणबत्तीचा वाचक. तिच्या टोकाकडे बारीक होत जाणाऱ्या आकारावरून क्रियापद झाले. मराठीत या आकारास ‘निमुळता’ हे विशेषण तयार आहे. ‘मात्रा निमुळती करीत आणणे’ असा प्रयोग करावयास हरकत नसावी. ‘हळूहळू’ या क्रियाविशेषणात केवळ वेग कळतो. ‘निमुळते’ म्हटल्याने आकार कळतो, आणि येथे खरा प्रश्न आकाराचा आहे. ४० मिलिग्रॅमवरून ३५ वर येणे आणि ५ वरून शून्यावर येणे, वजाबाकी दोन्हीकडे पाचाचीच. परंतु पहिल्या पायरीत रुग्णाच्या शरीरात गरजेच्या कित्येक पट द्रव्य शिल्लकच राहते, तर दुसऱ्या पायरीत ते सर्वच्या सर्व काढून घेतले जाते. ४ ते ६ मिलिग्रॅमच्या त्या सीमेच्या वर असताना उतरणीचा वेग मूळ रोग ठरवितो : दमा, संधिवात, वृक्कशोथ यांपैकी जे असेल ते डोके वर काढते की काय, एवढेच पाहावयाचे. सीमेजवळ आल्यावर वेग ग्रंथी ठरविते. म्हणून वरच्या मात्रा आठवड्याला ५ मिलिग्रॅमने कमी करता येतात, आणि शेवटी शेवटी एकेका मिलिग्रॅमसाठी चार-चार आठवडे द्यावे लागतात. त्या शेवटच्या टप्प्यात ग्रंथीवरची उपासमार प्रथमच खऱ्या अर्थाने सैल होते. तत्पूर्वीचे कमी करणे हे तिच्या दृष्टीने जवळजवळ घडलेलेच नसते.

आपल्या परंपरेत सवयीचे झालेले अपथ्य एकदम न सोडता पावपाव अंशाने सोडण्याचा ‘पादांशिक क्रम’ चरकाच्या सूत्रस्थानात सातव्या अध्यायात आला आहे, आणि वाग्भटाने त्यास पावाच्याही पाव अंशाचा पर्याय जोडला आहे. प्राचीनांना अधिवृक्काचे ज्ञान होते असला निष्कर्ष यातून काढणे हास्यास्पद होईल. पण संज्ञा म्हणून ती उपयोगी आहे, आणि वाग्भटाची पुस्ती तर विशेष. ४० मिलिग्रॅमचे चार पाद केले तर पहिले तीन पाद उतरणे तुलनेने सुकर. चौथा पाद म्हणजे शेवटचे १० मिलिग्रॅम, आणि शरीराच्या गरजेची सीमा नेमकी त्याच्या मध्यावर आहे. तो पादपादानेच सोडावा लागतो.

या सूचना रुग्णापर्यंत मराठीत पोहोचतात तेव्हा क्रियापदांवर फार मोठा भार पडतो. ‘गोळी कमी करा’ यात एकच कृती आहे. ‘कमी करत जा’ यात सातत्य आहे, पण शेवट कोठे ते नाही; आज्ञाधारक रुग्ण शून्यापर्यंत जाऊ शकतो. ‘पाचपर्यंत कमी करत आणा’ यात सातत्यही आहे व मुक्कामही आहे. आणि मुक्कामावर पोहोचल्यावर? ‘पाचवर थांबा’ म्हणजे पाच मिलिग्रॅम चालू ठेवा; ‘पाचवर थांबवा’ म्हणजे पाचपर्यंत आल्यावर गोळी बंद करा. अकर्मक व प्रयोजक रूपांतला हा एका अक्षराचा भेद, तोही दवाखान्यातील घाईत, कागदावर न लिहिता तोंडी सांगितलेला. व्याकरणाच्या वर्गात आपण प्रयोजक क्रियापदांची उदाहरणे म्हणून ‘हसणे-हसविणे’ देतो. ज्याची विद्यार्थ्याने आयुष्यभर आठवण ठेवावी असे उदाहरण हे आहे.

उतरणीच्या काळात रुग्ण ‘अंग मोडून येते’, ‘गळून गेल्यासारखे होते’ अशी तक्रार करतो. या एका तक्रारीमागे तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात. मूळ रोग उसळला असेल. किंवा ग्रंथी पुरेसे कॉर्टिसॉल देत नसेल. मग थकवा, मळमळ, वजन घटणे, उभे राहताना भोवळ येणे ही लक्षणे दिसतात. किंवा ग्रंथी ठीक असूनही उच्च मात्रेस सरावलेल्या शरीराला साधारण पातळीच अपुरी वाटत असेल. लक्षणांवरून या तिहींत भेद करणे अनुभवी वैद्यासही अवघड जाते. १८५५ साली लंडनच्या टॉमस अ‍ॅडिसन यांनी वर्णिलेल्या रोगात ग्रंथीच नष्ट होते. तेथे त्वचा काळवंडते, लवण शरीराबाहेर जाते, खूण उघड असते. औषधाने रोडावलेल्या ग्रंथीत त्वचा काळवंडत नाही, कारण पोष ग्रंथीचे संप्रेरक येथे वाढलेले नसते. आणि अल्डोस्टेरोनचा बाहेरचा थर मुख्यतः मूत्रपिंडाकडून सुरू होणाऱ्या वेगळ्या साखळीच्या आज्ञेत असल्यामुळे बचावतो. म्हणून ही अवस्था निदर्शनास येत नाही.

तिचा छडा रक्तपरीक्षेने लावावा लागतो. प्रेडनिसोलोनची शेवटची गोळी घेतल्यावर किमान २४ तासांनी, सकाळी आठ-नऊच्या सुमारास कॉर्टिसॉल मोजतात. ते दर डेसिलिटरला १० मायक्रोग्रॅमहून अधिक असेल तर साखळी सावरली असे मानून औषध थांबविता येते. ५ हून कमी असेल तर गरजेपुरती मात्रा चालू ठेवून काही महिन्यांनी पुन्हा मोजतात. मधल्या पट्ट्यात धीर धरून थोड्या आठवड्यांनी किंवा महिन्यांनी फेरतपासणी करतात. संदेह उरल्यास पोष ग्रंथीच्या संप्रेरकाचा कृत्रिम अंश टोचून ग्रंथी काय उत्तर देते ते पाहतात. मोजण्याच्या पद्धतींपैकी काहींत प्रेडनिसोलोन हेच कॉर्टिसॉल म्हणून गणले जाते, हे रुग्णाने नसले तरी तपासणाऱ्याने विसरता कामा नये.

राहता राहिला प्रश्न विचारण्याचा. शस्त्रक्रियेपूर्वी किंवा तापाने फणफणलेला रुग्ण आणला असता त्यास विचारले जाते, ‘स्टेरॉईड घेता का?’ दोन महिन्यांपूर्वी औषध सोडलेला रुग्ण ‘नाही’ म्हणतो. वर्तमानकाळात विचारलेल्या प्रश्नाचे ते खरे उत्तर आहे. रोडावलेल्या ग्रंथीच्या दृष्टीने मात्र ते उत्तरच नव्हे. प्रश्न भूतकाळात, आणि मुदतीसह हवा : ‘गेल्या वर्षभरात कधी काही आठवडे घेतले होते का?’ शिवाय ‘घेणे’ हे क्रियापद बहुतेकांच्या मनात गोळीशीच जोडलेले आहे. दम्याचा पंप ओढतात, मलम लावतात, गुडघ्यात सुई देतात; यांपैकी काहीच ‘घेतले’ या क्रियापदात आपोआप येत नाही, आणि या सर्व मार्गांनी स्टेरॉईड पुरेशा प्रमाणात शरीरात जाऊन ग्रंथीस क्षीण करू शकते. प्रत्येक मार्गाचा प्रश्न त्याच्या स्वतःच्या क्रियापदाने विचारावा लागतो.

ज्यांची ग्रंथी सावरल्याची खात्री झालेली नाही त्यांना ताप आल्यास मात्रा काही दिवस वाढविण्याची, आणि उलट्यांमुळे गोळी पोटात राहत नसल्यास हायड्रोकॉर्टिसोन टोचून घेण्याची आगाऊ लेखी सूचना असावी असा आता सर्वत्र आग्रह आहे. संकटसमयी प्रौढांस प्रथम १०० मिलिग्रॅम देतात. इंग्लंडमध्ये २०२० पासून अशा रुग्णांना खिशात बाळगण्याचे एक लहान पत्रक देण्यात येते. बेशुद्ध किंवा गोंधळलेल्या रुग्णाला काळ आणि क्रियापद यांचा विचार करून उत्तर द्यावे लागू नये, ही त्यातील सोय. मराठीत असे पत्रक करावयाचे झाल्यास त्याची पहिली ओळ ‘मी स्टेरॉईड घेतो’ अशी नसावी, ‘माझी अधिवृक्क ग्रंथी क्षीण असू शकते, मला तातडीने हायड्रोकॉर्टिसोन लागेल’ अशी असावी.